पाचोळ्याखालची मंडळी

डोंबिवलीत खोली शोधत फिरत होते त्या दिवसांत, घरमालकांना भाडेकरूंकडून काय काय जाणून घ्यायचं असतं याचा माझा चांगला अभ्यास झाला. जात, पोटजात, माणसं किती, पाहुणे किती, मसाला घरी कुटता का, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "घरात पुरुषमाणूस कोण?" पुरुषमाणूस नव्हता. मी होते, ठाण्याला नौपाड्यातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, आणि माझी आई होती. वडील पूर्वीच गेले होते. साताऱ्याकडचं आमचं घर अठ्ठेचाळीस सालच्या जाळपोळीत गेलं. एवढं ऐकलं की मालक हळहळत, आणि खोली नुकतीच दिली गेल्याचं सांगत.

हे घरमालक मात्र, आई आणि मी गेलो तेव्हा, फाटकाशी उकिडवे बसून चहाच्या चमच्याने माती खरवडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पाचोळा झाडायची सवय आहे का?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही, म्हणून खरं ते सांगितलं. "झाडू मारायचा मला कंटाळा आहे."

"उत्तम. आणि यांना?"

"आई हल्ली काहीच करत नाही."

यावर मात्र त्यांनी मान वर केली. आईकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कोपऱ्यातली खोली घ्या. तिथं सकाळचं ऊन येतं."

पुरुषमाणसाचा प्रश्न त्यांना त्या दिवशी सुचला नाही आणि पुढेही कधी सुचला नाही. मोठमोठ्या लोकांनी माझ्यावर केलेले उपकार मी विसरले आहे, कारण ते मला वारंवार ऐकवले गेले. हा लक्षात राहिला.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. मुंबईच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म मुलांना चिरायला बेडूक वाटण्यात घालवला होता. मुदतीआधी निवृत्त होऊन त्यांनी डोंबिवलीत जागा घेतली, तिच्यावर आठ खोल्यांची बैठी चाळ बांधली आणि एका खोलीत स्वतः एकटे राहिले. चाळ त्यांनी बांधली ती जागेचा खर्च निघावा म्हणून. जागा घेतली ती तिच्यावरच्या झाडांसाठी. समोर एक जुना आंबा, विहिरीकडे बांबूचं बेट, मागे सागाची दोन झाडं, आणि कुंपणापाशी कंबरभर वाढणारं गवत. कुंपणापलीकडे भिवादादा नावाच्या तिथल्याच जुन्या शेतकऱ्याची भातखाचरं. लोक घर बघायला येत तेव्हा अण्णा त्यांना खोल्या दाखवायचे विसरत आणि बांबूखालची माती दाखवत. त्यामुळे एक खोली कायम रिकामी असे.

त्या मातीत काय होतं ते सांगायला हवं. झाडाखाली पाचोळा साठतो. त्या पाचोळ्यात आणि त्याखालच्या वीतभर मातीत राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान असे आठ पायांचे जीव असतात. इंग्रजीत माइट म्हणतात. आपल्या गोचिडीचे ते दूरचे नातलग, पण रक्त न पिणारे, सभ्य. ते कुजलेलं पान कुरतडतात, बुरशी खातात, काही एकमेकांनाही खातात. त्यांच्यामुळे पानाची माती होते. अण्णा त्यांना "मंडळी" म्हणत. "आंब्याखालची मंडळी अजून उठलेली नाही," असं ते सकाळी सांगत, आणि नव्या माणसाला वाटे की चाळीतलं कुणीतरी आंब्याखाली झोपतं.

अण्णांचं सगळं म्हणणं एका वाक्याचं होतं. झाड बदललं की मंडळी बदलते. आंब्याचं पान जाड, चिवट, वर्षवर्ष कुजत नाही. त्याखाली तपकिरी, टणक पाठीची, चकचकीत, संथ चालीची मंडळी. गवताखाली फिकट, मऊ अंगाची आणि घाईत असलेली. बांबूखाली तिसरीच. भातखाचरात, जिथे दरवर्षी माती भाजतात आणि चिखलणी करतात, तिथे अगदी मोजकी. "वरचं झाड सांगा, खाली कोण राहतं ते मी सांगतो," असं ते म्हणत. ते सांगत आणि ते बरोबर निघे. निदान आम्हाला बरोबर वाटे, कारण तपासणारं दुसरं कुणी डोंबिवलीत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी डोळा लावला आणि दचकले. काळसर, पॉलिश केल्यासारखा गोल देह, पाठीवर बारीक केस, आणि पुढचे दोन पाय चाचपडल्यासारखे पसरलेले. 

"कसा आहे?" अण्णांनी विचारलं.

"आमच्या मुख्याध्यापिकांसारखा."

त्यांनी मला बाजूला करून स्वतः डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "त्यांनाही बघायला हवं एकदा."

त्यांच्या खोलीत टेबलावर पत्र्याची नरसाळी ओळीने उभी असत. नरसाळ्यात चाळणी, चाळणीवर मातीपाचोळा, वर विजेचा दिवा. दिव्याच्या उबेने माती वरून सुकत जाते तशी मंडळी ओलाव्याच्या शोधात खाली सरकते आणि अखेर नरसाळ्याच्या तोंडातून खालच्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पडते. डोंबिवलीत तेव्हा वीज नवी होती. अण्णांनी ती मातीसाठी घेतली होती. स्वतः ते कंदिलापाशी वाचत.

कुणीही परगावी निघालं की अण्णा त्याच्या हातात तपकिरीची रिकामी डबी देत. लोक प्रवासाहून पेढे आणतात. आमच्या चाळीतले लोक माती आणत. शहाडच्या नदीकाठच्या गवताची, विठ्ठलवाडीच्या बाभळींची, ठाण्याच्या खाडीवरच्या तिवरांची. माझ्या शाळेच्या अंगणात चिंच होती. मधल्या सुट्टीत मी तिच्याखालची माती डबीत भरताना मुख्याध्यापिकांनी पाहिलं आणि संध्याकाळी मला बोलावून घेतलं.

"बाई, चिंचेखालची माती? अमावास्या परवावर आली आहे. हे काय प्रकरण आहे?"

मी खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. करणीवर त्यांचा विश्वास बसला असता. एक पेन्शनर मातीतले किडे ओळखतो यावर बसेना. शिकलेल्या लोकांचं असंच असतं.

मग दारूबंदी आली. स्पिरिटला परवाना लागू लागला आणि अण्णांच्या परवान्याचा अर्ज सरकारात कुठेतरी कुजत पडला. तेवढ्यात कुणीतरी कळवलं की या घरात दिवे लावून नरसाळ्यातून काहीतरी थेंबथेंब गाळतात. जमादार आले. नरसाळी पाहून त्यांचा चेहरा उजळला, बाटली हुंगून अधिकच उजळला. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली आंब्याखालची मंडळी दाखवली.

जमादारांनी पाहिलं, टोपी काढली, पुन्हा पाहिलं. "हे पिऊन मेले काय?"

"पिऊन नव्हे, बुडून."

"एकूण एकच," जमादार म्हणाले. त्यांनी पंचनामा केला नाही. जाताना मात्र त्यांनी विचारलं, "ताडाखाली पण निराळे असतात का?" आणि पुढच्या आठवड्यात एका जप्त केलेल्या ताडीच्या ठिकाणची पुडीभर माती शिपायाबरोबर पाठवून दिली. सरकारी खात्याने विज्ञानाला केलेली एवढी तत्पर मदत मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

समारंभांशी अण्णांचं जमत नसे. वनमहोत्सव नवा निघाला तेव्हा आमच्याकडेही टेकडीवर झाडं लावायचं ठरलं. त्यासाठी आधी तिथलं करवंद, भोकर, आवळा, जे काही आपोआप उगवलेलं होतं ते सगळं तोडून टेकडी गुळगुळीत केली, आणि तिच्यावर सुरूची रोपं सैनिकांसारखी ओळीने उभी केली. मुंबईहून पाहुणे आले. त्यांनी चकचकीत थापीने एका रोपाला चिमूटभर माती घातली आणि फोटो निघेपर्यंत ते तसेच वाकून राहिले. अण्णा कॉलेजातून निवृत्त झालेले, म्हणून त्यांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले आणि म्हणाले, "घरातल्या माणसांना बाहेर काढून पाहुण्यांना जेवायला बोलवावं, तसं हे झालं आहे." आणि बसले. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ही स्तुतीच आहे असं सगळ्यांना वाटलं.

आता मुख्य गोष्ट. झाड बदललं की मंडळी बदलते हे अण्णांना ठाऊक होतं. का बदलते हे ठाऊक नव्हतं. मंडळी झाडाची असते की पाचोळ्याची? आंब्याचा पाचोळा उचलून बांबूखाली नेऊन टाकला, तर त्यातली मंडळी तिथे टिकेल, की बांबूची सावली, ओल आणि मुळं आपली जुनीच मंडळी परत आणतील? याचं उत्तर मिळवायला त्यांनी आवारात हातभर लांबरुंद चौकोन आखले होते, कोपऱ्यांना खुंट्या ठोकून. आंब्याचा पाचोळा बांबूखाली, बांबूचा आंब्याखाली, सागाचा गवतात. त्याला तीन वर्षं लागणार होती. भाडेकरूंनी आपापल्या दारापुढची पट्टी झाडावी, सडा घालावा. बाकी आवार मंडळींचं. बायकांना हे अवघड गेलं. न झाडलेलं आवार म्हणजे त्यांच्या दृष्टीने न विंचरलेलं डोकं. पण अण्णांसाठी त्यांनी ते सोसलं.

मी एकदा म्हणाले, "अण्णा, हे आमच्यासारखंच झालं की. एका झाडाखालून उचलून दुसऱ्या झाडाखाली."

ते चिडले. "बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. तुम्हाला एक दाखवलं की लगेच दुसरंच दिसतं. माइटला माइटच राहू द्या."

तेव्हापासून मी राहू दिलं आहे.

आई त्या दिवसांत उंबऱ्याशी बसून असे. गावाकडे तिचं अंगण होतं, आणि ते कसं सारवलेलं असे हे पंचक्रोशीला माहीत होतं. इथे आल्यापासून तिने शेणाला हात लावला नव्हता. आमच्या दारापुढची पट्टीही शेजारच्या दुर्गाकाकूच सारवत. मी आईला काही म्हटलं नाही. ज्या हातांनी राख उपसली त्यांना काय सांगायचं?

दुर्गाकाकू बोलक्या, दणकट आणि अण्णांच्या उपकाराखाली दबलेल्या होत्या. त्यांचे यजमान टायफॉइडने पडले होते तेव्हा अण्णा रोज ठाण्याहून लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फ आणत असत. यजमान बरे झाले. अण्णांनी त्याबद्दल एकच गोष्ट मागितली: उरलेला भुसा. त्यातही कुणी राहतं का हे त्यांना बघायचं होतं. "या माणसाचं काही करावं म्हटलं तर त्याला काही लागतच नाही," अशी काकूंची तक्रार असे.

भिवादादांना मात्र अण्णांकडून काही हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून वाफा भाजतात. त्याला राब म्हणतात. राबाला पाचोळा किती घातला तरी कमीच. आणि इथे कुंपणाला लागून पाचोळ्याची दौलत पडलेली.

"अन्ना, यो पालापाचोला मना द्या. मी राब भाजतू," ते दर चैत्रात येऊन म्हणत.

"नाही देणार."

"तुमी त्याचं लोनचं घालताव का?"

"घालतो. तुला चाखायला देईन."

"नको," भिवादादा म्हणत, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा येत.

तिसरं वर्ष संपत आलं तसे अण्णा बदलले. त्यांनी मुंबईला एका मोठ्या प्राध्यापकांना कळवलं होतं. हे साहेब विद्वानांच्या एका मंडळाचे सर्वेसर्वा. तिथे कुणाचा निबंध वाचला जावा हे तेच ठरवत. अण्णांनी बेडूक वाटण्यात जन्म घालवला तोही यांच्याच हाताखाली. साहेबांनी उत्तर दिलं की आपण स्वतः येऊन ते चौकोन पाहू, समोर माती उकरवून घेऊ, आणि खात्री पटली तर निबंध मंडळापुढे ठेवू. उन्हाळ्यातल्या एका रविवारचा दिवस ठरला. अण्णांनी चाळीत एवढंच सांगितलं, "एक साहेब येणार आहेत. माझं काम बघायला." काय बघायला, हे फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांच्या समजुतीने अण्णांचं काम म्हणजे खोलीतली नरसाळी.

रविवारी सकाळी अण्णांनी इस्त्रीचा कोट घातला. तो पाहून मला त्यांची काळजी वाटली. "तुम्ही चला बाई माझ्याबरोबर स्टेशनवर," ते म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलायला सुचत नाही. तीस वर्षं सुचलेलं नाही."

गाडी दोन-तीन तास उशिरा आली. साहेब पांढऱ्या सुटात उतरले आणि हार घालायला कुणी आलं आहे का, हे त्यांनी न पाहिल्यासारखं करून पाहिलं. आम्ही टांग्यात बसलो. बोलायची जबाबदारी मी पार पाडली, म्हणजे साहेब बोलत होते आणि मी "हो का?" म्हणत होते. चाळ जवळ आली तेव्हा भिवादादांच्या खाचरातून निळसर धूर वर जात होता.

"काय जळतं आहे?" साहेबांनी विचारलं.

इथे मात्र अण्णांना वाचा फुटली. राब म्हणजे काय, ऊब खाली किती खोल जाते, भाजलेल्या मातीत कोण मरतं आणि पहिल्यांदा कोण परत येतं, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबही ऐकत होते. "पाचोळा भरपूर घातलेला दिसतो," ते धुराकडे बघत म्हणाले.

"यंदा याला कुठून मिळाला कोण जाणे," अण्णा म्हणाले.

टांगा फाटकाशी थांबला आणि ते कळलं.

आवार आरशासारखं सारवलेलं होतं. आंब्यापासून विहिरीपर्यंत, बांबूखाली, सागापर्यंत, कुठे पान म्हणून नव्हतं. शेणाच्या ओल्या हिरवट जमिनीवर हाताच्या बोटांचे अर्धगोल एकाला एक लागून, एकसारखे, जणू एखाद्या मोठ्या माशाचे खवले. मधोमध काकूंनी गालिचाएवढी रांगोळी घातली होती. चौकोनांच्या खुंट्या उपटून, धुऊन, विहिरीच्या कठड्यावर नीट रचून ठेवल्या होत्या. दारात सगळ्या बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे, पदर खोचलेली, कोपरांपर्यंत शेणाने माखलेली माझी आई.

मागून काकूंनी मला सगळं सांगितलं. एवढा मोठा माणूस येणार आणि अण्णांच्या दारात उकिरडा, हे त्यांना बघवेना. पाचोळा अण्णांना हवा असतो हे त्यांना ठाऊक होतं. पाहुणे गेले की दुसरा आणून टाकू, पाचोळ्याला काय तोटा, असा त्यांचा हिशेब होता. भिवादादा आनंदाने भारे घेऊन गेले. मग काकू सारवायला बसल्या. उंबऱ्यावरून आई बराच वेळ ते वाकडंतिकडं सारवण बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, असं नव्हे. सरका बघू तिकडं," असं म्हणून ती उठली, आणि दुपार व्हायच्या आत तिने सबंध आवार एकटीने सारवलं. कुणाला हात लावू दिला नाही.

अण्णा फाटकातच उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"वा!" साहेब म्हणाले. "आदर्श आवार. मी नेहमी सांगतो, स्वच्छता ही शास्त्राची पहिली पायरी आहे." आणि ते बुटांसकट आत गेले. अण्णांनी वहाणा बाहेर काढल्या आणि अनवाणी, कडेकडेने आत आले.

"आता तुमचे ते चौकोन दाखवा."

"ते मोडले," अण्णा म्हणाले.

"मोडले? कुणी?"

"मीच. जागा लागली."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मग मला कशाकरता बोलावलंत?"

"आपण निघाला असाल, कळवायला वेळ नव्हता. आता आलाच आहात तर चार घास खाऊन जा."

साहेबांनी काकूंचा शिरा दोनदा घेतला, बायकांना स्वच्छतेवर थोडं मार्गदर्शन केलं, नरसाळ्यांकडे उभ्याउभ्या नजर टाकली आणि पुढच्या गाडीने गेले. जाताना अण्णांना म्हणाले, "तुम्ही कॉलेजातही असेच होता." मंडळापुढे निबंध जाणार नाही हे त्यात आलंच.

ते गेल्यावर आई पुढे आली. हात धुतलेले, पण नखांत शेण. "अण्णा, नीट झालंय ना? बऱ्याच वर्षांनी केलं."

अण्णा खाली बसले. कोट घातलेला होता तरी बसले. जमिनीवरून तळहात फिरवून म्हणाले, "शेणात काय मिसळलंत?"

"बांधावरची पांढरी माती. चाळून."

"किती?"

"ते हाताला कळतं."

"मला कळायला हवं. सांगा."

मग आईने सांगितलं. शेण किती शिळं असावं, पाणी कधी घालायचं, उन्हाळ्यात हात कसा फिरवायचा आणि थंडीत कसा, कुठल्या मातीला भेगा पडतात. ती बोलत राहिली, अण्णा विचारत राहिले. साताऱ्याच्या घराचं मागलं अंगण, पुढलं अंगण, तुळशीभोवतालची जागा, सगळं त्यात आलं. इतक्या वर्षांत त्या घराचं नाव तिने काढलं नव्हतं. मी खोलीत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

संध्याकाळी विहिरीवर मी अण्णांना गाठलं. "तुम्ही साहेबांना खरं का नाही सांगितलंत?"

"सगळ्या जणी समोर उभ्या होत्या."

"पण तीन वर्षं, अण्णा!"

"ती गेली," ते म्हणाले. ते त्यांनी अगदी सरळ सांगितलं. खुंट्यांतली एक हातात घेऊन ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाचोळा पुन्हा पडेल. झाडं कुठे गेलीत? तुमच्या आई अंगणात किती वर्षांनी बसल्या?"

"साताऱ्यानंतर पहिल्यांदाच," मी म्हणाले.

"मग?" ते म्हणाले. "त्यांना कळता कामा नये. काकूंनाही ताकीद द्या."

काकूंना कळल्यावर त्या रडल्या, आणि पुढचा आठवडाभर जिथे दिसेल तिथला पाचोळा ओटीत भरून आणत राहिल्या. भिवादादाही एक भारा घेऊन आले. "तुमचा जल्ला. यो माझा घ्या. पानां ती पानांच," ते म्हणाले. अण्णांनी दोघांचाही पाचोळा घेतला आणि मागे खतात टाकला. नव्या खुंट्या त्यांनी विहिरीकडे बांबूखाली आणि चाळीच्या मागे सागाखाली ठोकल्या. आंब्यापासून फाटकापर्यंतची पुढची जागा त्यांनी आईला देऊन टाकली. सारवलेल्या जमिनीत कोण राहायला येतं हे मला बघायचंच होतं, असं ते म्हणाले. हे खरं होतं की सौजन्य, हे मला ठरवता आलेलं नाही. त्यांच्या बाबतीत त्या दोन गोष्टी निराळ्या काढता येत नसत.

आईला कळलं की नाही, तेही मला माहीत नाही. पण त्यानंतर ती रोज सकाळी केरसुणी हातात घेऊन त्यांच्या दाराशी उभी राही आणि विचारी, "इथपर्यंत चालेल ना, अण्णा?"

पुन्हा तीन वर्षं गेली. अण्णा आता काठी घेऊन चालत. निबंध पुरा झाला तेव्हा मी म्हटलं, साहेबांना पाठवा. त्यांनी पाठवला. उत्तर आलं नाही. मग दुर्गाकाकूंनी ठरवलं की निबंध वाचला गेलाच पाहिजे, आणि तो इथे वाचला जाईल. एका संध्याकाळी आईने सारवलेल्या अंगणात सतरंज्या पडल्या. चाळीतले सगळे आले. भिवादादा धोतर बदलून आले. अध्यक्ष नव्हते, हार नव्हता, प्रास्ताविक नव्हतं. त्यामुळे सभा वेळेवर सुरू झाली.

अण्णांनी उभं राहून वाचलं. इंग्रजीतून लिहिलेलं होतं, ते वाचता वाचता मराठीत सांगत होते. आंब्याचा पाचोळा बांबूखाली गेला, त्याबरोबर त्याची मंडळी गेली. पहिल्या पावसाळ्यापर्यंत ती टिकली. दुसऱ्या वर्षी बांबूची मंडळी त्यात मिसळू लागली. तिसऱ्या वर्षी पाहिलं तर तिथे आंब्याखालची मंडळी नव्हती, आणि सगळी बांबूखालचीही नव्हती. काही होते, काही गेले, आणि काही असे होते की जे दोन्हींकडे आधी दिसले नव्हते. याचा अर्थ मंडळी नुसती झाडाची नाही आणि नुसती पाचोळ्याचीही नाही. एवढं म्हणून अण्णांनी कागद खाली ठेवले.

"अन्ना, म्हनजे राबानं नुकसान व्हतं का फायदा?" भिवादादांनी विचारलं.

"भाताचा फायदा. मंडळींचं नुकसान."

"मंग बरां हाय," भिवादादा म्हणाले.

आणखी कुणाला काही विचारायचं आहे का, असं अण्णांनी विचारलं. काकू जमिनीकडे बघत होत्या. मग उंबऱ्याकडून आईचा आवाज आला.

"जी गेली म्हणालात, ती मूळची, ती कुठं गेली? मेली, की उठून दुसरीकडं गेली?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. खाली ठेवलेले कागद उचलून शेवटपर्यंत चाळले. सभेत असं थांबलेलं बरं दिसत नाही म्हणून मी काहीतरी बोलणार होते.

"माहीत नाही," ते म्हणाले. "हे मी पाहिलंच नाही."

"मग बघा की," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तेव्हा अण्णा मागच्या बाजूला काठी टेकून उभे होते आणि आई त्यांनी दाखवलेल्या जागी दगडाने खुंटी ठोकत होती.